विश्लेषण : जालन्याच्या काळ्या पाषाणाचे वय कसे कळते? खडकांचे घड्याळ लावणारे आर्थर होम्स कोण होते?

जालना जिल्ह्यात विहीर खोदताना आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, अर्थात दख्खनचा बेसॉल्ट. त्याचे वय खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढतात. ही पद्धत भूशास्त्रात रुजवण्यासाठी ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांनी आयुष्य वेचले.

सुरुवात कशी झाली?

होम्स यांचा जन्म १४ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडमधील हेबर्न येथे झाला. लंडनमध्ये भौतिकशास्त्र शिकायला गेलेले होम्स भूशास्त्राकडे वळले. तेव्हा लॉर्ड केल्विन यांच्या हिशेबाने पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षे मानले जाई. १९११ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, होम्स यांनी युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून नॉर्वेतील खडकाचे वय ३७ कोटी वर्षे काढले. त्याच निबंधाच्या तक्त्यात सर्वांत जुना आकडा श्रीलंकेतील खनिजाचा होता, १६४ कोटी वर्षे.

हे घड्याळ चालते कसे?

युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होते. युरेनियम-२३८ निम्मे उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. बेसॉल्टसाठी बहुधा पोटॅशियमपासून तयार होणारा आरगॉन वायू मोजतात. खडक पुन्हा खूप तापला की आरगॉन निसटतो आणि हे घड्याळ शून्यापासून सुरू होते. झिरकॉन हा कणखर स्फटिक मात्र जुनी नोंद बऱ्याचदा टिकवून ठेवतो. त्यामुळे एकाच रूपांतरित खडकातून तो कधी जन्मला आणि पर्वत घडताना कधी भाजला, या दोन्ही तारखा मिळू शकतात.

होम्स यांना काय सोसावे लागले?

शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी ते १९११ मध्ये खनिजांच्या शोधात मोझांबिकला गेले. तिथे मलेरियाने ते इतके खंगले की मृत्यूची तार घरी पोहोचली. ते वाचले. १९१३ मध्ये त्यांचे पृथ्वीच्या वयावरील पुस्तक आले, पण अनेक भूशास्त्रज्ञांचा या आकड्यांवर विश्वास नव्हता.

१९२० मध्ये ते तेल कंपनीच्या नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले. कंपनी बुडाली आणि तीन वर्षांचा मुलगा हगवणीने दगावला. रिकाम्या हाताने मायदेशी परतलेल्या होम्स यांनी काही काळ पूर्वेकडील शोभेच्या वस्तूंचे दुकानही चालवले. अखेर १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठात त्यांना भूशास्त्राचा नवा विभाग मिळाला.

पुढे काय केले?

खंड सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर यांचे म्हणणे बहुतेकांनी धुडकावले होते. किरणोत्सारी उष्णतेने पृथ्वीच्या पोटात संथ प्रवाह निर्माण होतात आणि तेच खंड ओढून नेतात, अशी मांडणी होम्स यांनी १९२७ मध्ये केली. तिचे महत्त्व पटायला तीन दशकांहून अधिक काळ गेला.

१९४३ मध्ये ते एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले. जिथे मरता मरता वाचले, त्याच प्रदेशातील रूपांतरित खडकांचा ‘मोझांबिक पट्टा’ त्यांनी १९५१ मध्ये मांडला. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंकेतील प्राचीन पर्वतपट्टे वयानुसार लावले. त्यातील काही आकडे पुढे बदलले. पण कोणता पट्टा आधीचा, हे खडकाच्या रंगरूपावरून नव्हे तर मोजून ठरवण्याची वाट इथे पडली. २० सप्टेंबर १९६५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यात याचा उपयोग काय?

जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षांचे वाटत होते. आरगॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे निघाले.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल बोअर घेण्यात आले. सुमारे ३३८ मीटरवर लाव्हाचे थर आणि त्याखालचा पातळ गाळथर संपला आणि रूपांतरित खडक लागला. त्यातील झिरकॉनवरून वय निघाले सुमारे अडीच अब्ज वर्षे. म्हणजे मराठवाड्याचा काळा पाषाण वरचा आणि त्यामानाने अगदी तरुण थर आहे. भूकंप समजून घेण्यासाठी त्याखालचा हा जुना पाया ओळखणे गरजेचे आहे.