डफ आणि वीणा : राम जोशींच्या लावण्यांमागची गोष्ट

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून निघते आणि वेळापूरला मुक्कामाला थांबते. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिराचे हे गाव त्या रात्री टाळ-मृदंगाने आणि कीर्तनाने भरून जाते. येथून जवळच असलेल्या अकलूजला लावणी स्पर्धेने महाराष्ट्रभर नाव मिळवून दिले. तेथे दाद मिळते ती ढोलकीच्या थापेला, घुंगरांना आणि अदाकारीला. एकाच तालुक्यातील ही दोन गावे, पण एकीकडे हरिकथा आणि दुसरीकडे लावणी. सभ्य समाजाने या दोहोंमध्ये एक भिंत उभी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जपली. सोलापूरच्या एका शाहिराने मात्र सव्वादोनशे वर्षांपूर्वीच या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपले घर केले होते. त्याचे नाव राम जोशी.

राम जगन्नाथ जोशी यांचा काळ हा पेशवाईच्या उत्तरार्धाचा. जन्म १७५८ च्या सुमाराचा किंवा काही अभ्यासकांच्या मते १७६२ चा, आणि मृत्यू १८१२-१३ च्या सुमाराचा. घराणे सोलापूरच्या विद्वान ब्राह्मणांचे. थोरले बंधू मुद्गलभट हे नावाजलेले पुराणिक. घरात पोथी, पंचांग आणि संस्कृत श्लोक यांचा वावर. धाकट्या रामानेही हीच वाट धरावी, अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण त्यांचे कान लागले होते डफ-तुणतुण्याकडे. सोलापुरात धोंडी नावाच्या शाहिराचा तमाशा होता. त्या फडाशी राम जोशींची ओळख झाली, ओळखीची मैत्री झाली आणि पुढे ते स्वतःच या फडासाठी लावण्या रचू लागले.

त्या काळातील सामाजिक चौकट लक्षात घेतली म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य कळते. तमाशाचा फड म्हणजे गावकुसाबाहेरच्या जातींची, कष्टकऱ्यांची आणि नाचणाऱ्या स्त्रियांची कला. पुराणिकाच्या भावाने तेथे बसणे म्हणजे केवळ पोरकटपणा नव्हे, तर घराण्याच्या वृत्तीवरच घाला. पुराण ऐकायला येणाऱ्या श्रोत्यांना तोंड कसे दाखवावे, हा प्रश्न मुद्गलभटांपुढे उभा राहिला असणार. परंपरा सांगते, की त्यांनी धाकट्या भावाला घराबाहेर काढले.

घराबाहेर पडलेले राम जोशी फडात न जाता पंढरपूरला गेले, ही त्यांच्या चरित्रातील विशेष अर्थपूर्ण गोष्ट. तेथे बाबा पाध्ये यांच्याकडे राहून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, असे सांगितले जाते. बाबा पाध्ये म्हणजे ‘धर्मसिंधु’ या धर्मशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाचे कर्ते काशीनाथ उपाध्याय. म्हणजे तमाशाच्या नादाने घर सुटलेला तरुण आचारधर्माच्या एका मोठ्या अधिकारी पंडिताच्या पायाशी जाऊन बसला. काव्य, अलंकार, पुराणे यांत गती मिळवून ते सोलापूरला परतले, कीर्तन करू लागले आणि काही काळाने पुन्हा फडावर उभे राहिले. या वेळी मात्र त्यांच्याबरोबर सगळा संस्कृत अलंकारशास्त्राचा संसार होता.

राम जोशींच्या लावण्या इतरांहून वेगळ्या का वाटतात, याचे उत्तर या प्रवासात आहे. ‘सुंदरा मनामधिं’ या शब्दांनी सुरू होणारी त्यांची सर्वांत लोकप्रिय लावणी पाहावी. विषय अगदी साधा, एका रूपवतीचे वर्णन. तिचे दागिने, तिचा भांग, तिची चाल. संस्कृत काव्यांत असे नखशिखांत वर्णन शेकडो वेळा आले आहे. राम जोशींनी हा जुना साचा उचलला आणि डफाच्या ठेक्यावर बसवला. चरण छोट्या-छोट्या तुकड्यांत मोडला आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी यमक ठेवले. त्यामुळे एका ओळीत तीन-चार ठिकाणी शब्द एकमेकांवर आदळतात आणि ऐकणाऱ्याला ती सुंदरी दिसण्याच्या आधी तिच्या पावलांचा नाद ऐकू येतो. पंडिताला त्यात अनुप्रास दिसतो, तर फडापुढे मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्याला ठेका सापडतो.

याच पठडीतील दुसरा नमुना म्हणजे छेकापन्हुती अलंकारावर बेतलेली रचना. या अलंकाराची गंमत अशी, की एक सखी दुसरीला काही सूचक वर्णन सांगते. ऐकणारी विचारते, हा तुझा प्रियकर का? त्यावर ती झटकन उत्तर देते, छे, मी तर अमुक वस्तूबद्दल बोलत होते! साहित्यशास्त्राच्या पोथीत हा अलंकार व्याख्या आणि उदाहरण यांपुरता बंदिस्त असतो. फडावर मात्र तो थेट सवाल-जवाबाचा खेळ होतो. श्रोते मनातल्या मनात भलतेच उत्तर देतात, गाणारी त्यांना निरागसपणे खोटे पाडते आणि हशा पिकतो. श्लेष आणि चावटपणा यांचे इतके जवळचे नाते पोथीतल्या अभ्यासकांना क्वचितच जाणवले असेल.

सोलापूरच्या मातीचा ठसा त्यांच्या बहुभाषी लावणीवर दिसतो. मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत अशा चार भाषा त्यांनी एका रचनेत गुंफल्या. हा नुसता बुद्धीचा खेळ नव्हता. सोलापूर हे मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवरचे पेठेचे गाव. आदिलशाही आणि मोगल अंमलामुळे दखनी-हिंदुस्थानी बोली येथील बाजारात रुळलेली. घरात मराठी, पेठेत कानडी, शिपायांच्या तोंडी हिंदुस्थानी आणि देवळात संस्कृत, असे कानावर पडत असलेल्या शहराचीच ती लावणी आहे.

मग येतात त्यांच्या उपदेशपर रचना. ‘हटातटानें’ या शब्दाने आरंभ होणारी लावणी आजही जाणकारांच्या तोंडी आहे. भगवी वस्त्रे रंगवून, जटा वाढवून, मठांचा पसारा मांडून बसलेल्या माणसाला ती रोखठोक प्रश्न करते. अंतरात देव नसेल तर बाहेरच्या या सोंगांचा उपयोग काय, असा तिचा भावार्थ. राम जोशींनी धर्माचे बाह्य रूप आतून पाहिले होते. ज्यांच्या घरात पुराण होते, त्यांनीच त्यांना दाराबाहेर केले होते. त्या अनुभवाचा या लावणीशी थेट संबंध जोडण्याइतका पुरावा हाती नाही. पण सोंग आणि सत्य यांतला फरक सांगण्याचा अधिकार या कवीने आयुष्यातून मिळवला होता, एवढे निश्चित. शिवाय हा उपदेश त्यांनी आर्येत किंवा श्लोकात न करता लावणीच्याच चालीत, तशाच आदळत्या यमकांत केला. रूपवतीचे वर्णन करणारी आणि दांभिकाचे कान उपटणारी या दोन्ही रचना एकाच घडणीच्या आहेत.

राम जोशींच्या चरित्रातील सर्वांत गाजलेला प्रसंग घडतो बारामतीत. तेथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत पराडकर राहत होते. ‘आर्याभारत’, ‘केकावली’ आणि शंभरावर रामायणे लिहिणारे हे पंडित कवी. आख्यायिका अशी, की राम जोशींचा तमाशा बारामतीत उभा राहिला, पंतांनी तो ऐकला आणि फडावरच्या माणसाची विद्वत्ता पाहून ते थक्क झाले. ही वाणी ईश्वरचरणी लागावी, असे त्यांनी सुचवले. तो शब्द मनाला लागून राम जोशींनी डफ सोडला आणि कीर्तनाची वीणा हाती घेतली. पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गायिल्या आणि घरोघर पोचवल्या, असे वाङ्मयाच्या इतिहासकारांनीही नोंदवले आहे.

कथा सुंदर आहे. परंतु अशीच कथा संगमनेरच्या अनंत फंदींबद्दलही सांगितली जाते. तेथे मोरोपंतांच्या जागी अहिल्याबाई होळकर आहेत. त्यांच्या उपदेशाने फंदींनी तमाशा सोडला आणि ते कीर्तनाकडे वळले. एकाच काळातील दोन मोठे शाहीर, दोघांच्याही आयुष्याला एकाच वळणाचा शेवट. तमाशात रमलेला प्रतिभावंत ब्राह्मण आपल्या समाजाला परत हवा होता आणि त्याच्या परतीची अशी गोष्ट सांगितल्याशिवाय त्याच्या लावण्या उघडपणे मिरवता येत नव्हत्या. या आख्यायिकांमध्ये सत्याचा अंश असेलही. पण त्यांच्या लोकप्रियतेचे कारण त्या ऐकणाऱ्यांच्या मनात शोधावे लागते.

शिवाय कालगणना या गोड शेवटाला साथ देत नाही. मोरोपंत १७९४ मध्ये निवर्तले. दुसरा बाजीराव गादीवर आला तो १७९६ च्या अखेरीस, आणि पुण्यात त्याच्या अमदानीत राम जोशींच्या तमाशाला मान मिळाल्याची परंपरा आहे. म्हणजे पंतांच्या भेटीनंतरही डफ पुरता मुका झाला नव्हता. राम जोशी कीर्तन करत होते आणि लावण्याही रचत होते, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. पंतांच्या आर्यांना त्यांच्या तोंडी गोडी आली, ती तरी कशामुळे? समासांनी जड झालेली पंडिती रचना सामान्य श्रोत्याच्या गळी उतरवायची, तर ठेका, विराम आणि शब्दफेक यांवर हुकमत हवी. ही हुकमत त्यांनी पुराणिकाच्या चौरंगावर नव्हे, तर फडावर कमावली होती. मोरोपंतांनी तमाशातून एक कीर्तनकार मिळवला, असे म्हणतात. तमाशाने मोरोपंतांना श्रोते मिळवून दिले, असेही म्हणता येईल.

राम जोशींच्या नावावर ‘मदालसाचंपू’ हा संस्कृत ग्रंथही आहे. मदालसेची कथा मार्कंडेय पुराणातील. ती पतीच्या प्रेमाची कथा आहे, विरहाची आहे, आणि त्याच वेळी पाळण्यातल्या बाळाला वैराग्याचा उपदेश करणाऱ्या ज्ञानी मातेचीही आहे. शृंगार आणि अध्यात्म एकाच स्त्रीच्या ठायी नांदणारा हा विषय राम जोशींनी निवडावा, यात नवल नाही.

या सगळ्या चरित्रात एक व्यक्ती नेहमी कडेला राहते, ती म्हणजे बया. राम जोशींच्या फडातील ही गायिका-नर्तिका. राम जोशी पंडित होते, कवी होते, म्हणून त्यांचे नाव पोथ्यांत शिरले. परंतु लावणी ही कागदावर पुरी होत नाही. ती गळ्यातून, नजरेतून आणि पावलांतून पुरी होते. सुंदरेच्या वर्णनाला देह कोणी दिला, छेकापन्हुतीतला निरागस नकार कोणी रंगवला, हे विचारले की बयेचे नाव घ्यावेच लागते. कवीला मोरोपंतांसारखा उद्धारक मिळाला. बयेसाठी अशी परतीची कथा कोणी रचली नाही. कीर्तनाच्या चौरंगावर तिला जागाच नव्हती.

शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांच्या परिश्रमांमुळे या लावण्या ग्रंथरूपात आल्या आणि शिकलेल्या मध्यमवर्गाच्या हाती पडल्या. पुढे १९४७ मध्ये राजकमल कलामंदिरच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने त्यांना नवे आयुष्य दिले. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत, राम जोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार आणि बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर. या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाटच आणली आणि ज्या घरांतून तमाशाचे नाव काढणे वर्ज्य होते, त्या घरांत सुंदरेची लावणी गुणगुणली जाऊ लागली. पडद्यावर का होईना, बयेला तिची जागा मिळाली.

राम जोशींना सन्मार्गावर आणल्याची गोष्ट दोनशे वर्षे सांगितली गेली. त्यांच्या रचना शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर मात्र भरकटलेला तरुण आणि पश्चात्तापदग्ध भक्त असे दोन राम जोशी सापडत नाहीत. सापडतो तो एकच कवी, ज्याने पंढरपुरात शिकलेले सारे सोलापूरच्या फडाला दिले आणि फडावर कमावलेले सारे कीर्तनाला.