सावित्रीबाई फुले आणि माझा गुरुवार

आमच्या वर्गात दर आठवड्याला एक जण भित्तिपत्रकासाठी थोर माणसाची माहिती लिहितो. या आठवड्यात माझी पाळी आली. गुरुजींनी डब्यातून चिठ्ठी काढायला सांगितली. माझ्या चिठ्ठीत सावित्रीबाई फुले हे नाव निघाले. मला आनंद झाला. कारण ३ जानेवारीला त्यांची जयंती असते आणि गेल्या वर्षी मी सावित्रीबाई झाले होते. आजीचे नऊवारी लुगडे नेसले होते. ते पायात आले आणि मी पडता पडता वाचले. सगळे हसले. पण तेव्हा मला पाठ केलेले भाषण तेवढे येत होते, बाकी काही माहीत नव्हते. या वेळी मी पेटीतली पुस्तके वाचली, गुरुजींना विचारले आणि मग लिहायला बसले.

आधी आमचा आठवडा सांगते. कारण आज पालक आलेत, त्यांना माहीत पाहिजे. सोमवारी परिपाठ झाला की शुद्धलेखन असते. गुरुजी दहा शब्द सांगतात. जो शब्द चुकेल तो पाच वेळा लिहायचा. मंगळवारी पाढे. उभे राहून म्हणायचे, मध्ये अडकले की खाली बसायचे. बुधवारी परिसर अभ्यास आणि नकाशा. गुरुवारी गुरुजी गणितातला नवीन प्रकार शिकवतात. शुक्रवारी गोष्टींच्या पुस्तकांची पेटी उघडते. शनिवारी सकाळची शाळा. कवायत होते, बालसभा होते आणि मग आम्ही भित्तिपत्रक लावतो.

माझा आठवडा मात्र पाचच दिवसांचा आहे. गुरुवारी शेजारच्या गावाचा बाजार असतो. आई भाजीची पाटी घेऊन पहाटेच जाते. बाबा दुसऱ्याच्या मळ्यात कामाला जातात. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, त्याला कोण सांभाळणार? म्हणून मी घरी राहते. हजेरीत बाकीचे दिवस हजेरी आहे आणि दर गुरुवारी गैरहजेरी आहे. नवीन गणित नेमके त्याच दिवशी शिकवतात. भागाकार मला त्यामुळेच येत नव्हता. हे मी का सांगितले ते पुढे कळेल.

आता सावित्रीबाईंची माहिती.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. हे गाव सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. नायगावाजवळ शिरवळला बाजार भरतो. लहान असताना सावित्री त्या बाजाराला गेली होती. तिथे तिला कोणीतरी एक पुस्तक दिले, अशी गोष्ट सांगतात. तिला ते वाचता येत नव्हते. तरी तिने ते जपून ठेवले आणि लग्न झाल्यावर सासरी नेले. ही गोष्ट वाचताना मला गंमत वाटली. सावित्रीबाईंना बाजारात पुस्तक मिळाले आणि माझी शाळा बाजारामुळे बुडते.

१८४० साली त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. तेव्हा सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. म्हणजे त्या माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान होत्या! त्या काळी एवढ्या लहानपणी लग्न करत. मुलींना शाळेत घालतच नसत. मुलगी शिकली तर घराचे वाईट होते असे लोकांना वाटायचे. सावित्रीबाईंना सासरी आल्या तेव्हा लिहिता वाचता येत नव्हते.

जोतीराव स्वतः शाळेत शिकले होते. त्यांनी सावित्रीबाईंना शिकवले. दिवसा शेतात काम असायचे. तिथेच झाडाखाली शिकणे चालायचे. सगुणाबाई म्हणून जोतीरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या बाई होत्या, त्याही त्यांच्याबरोबर शिकल्या. पुढे सावित्रीबाईंनी पुण्यात मिचेलबाईंच्या शाळेत आणि अहमदनगरला फरारबाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले. म्हणजे शिकवायचे कसे, ते सुद्धा त्या आधी शिकल्या. मला वाटायचे की मोठे माणूस झाले की आपोआप शिकवता येते. तसे नसते.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्याला बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. सुरुवातीला शाळेत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मुली होत्या. आमच्या वर्गात सुद्धा त्याहून जास्त आहेत. भिडे वाडा जुना होऊन पडायला आला होता. २०२३ साली तो पाडला. तिथे त्यांचे स्मारक बांधायचे ठरले.

सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या की रस्त्यात काही लोक त्यांना शिव्या द्यायचे. अंगावर चिखल आणि शेण टाकायचे. दगडही मारायचे. तरी त्या परत फिरल्या नाहीत. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन जायच्या. शाळेत पोचल्यावर खराब लुगडे बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे. एक दिवस नाही, पुष्कळ दिवस असे झाले. मी विचार केला की माझ्या अंगावर कोणी शेण टाकले असते तर मी रडत घरी आले असते. मग दुसऱ्या दिवशी गेलेच नसते.

लोकांनी जोतीरावांच्या वडिलांचे पण कान भरले. मुलगा आणि सून हे काम सोडत नाहीत म्हणून १८४९ साली वडिलांनी दोघांना घराबाहेर जायला सांगितले. ते घर सोडून गेले पण शाळा सोडली नाही. फातिमा शेख या त्यांना शाळेच्या कामात साथ द्यायच्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून नायगावला माहेरी आल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात आपल्यामागे फातिमावर कामाचा भार पडला असेल याची काळजी होती. आजारी असताना सुद्धा त्यांचा जीव शाळेत होता.

त्यांच्या शाळेत वाचन, हिशेब, व्याकरण, भूगोल हे विषय होते. नकाशा पण शिकवायचे. म्हणजे आपल्यासारखेच! १८५१ आणि १८५२ साली त्यांनी पुण्यात मुलींच्या आणखी शाळा काढल्या. ज्यांना कोणी शाळेत बसू देत नव्हते अशा महार, मांग मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. फेब्रुवारी १८५३ मध्ये मुलींची परीक्षा सगळ्या लोकांसमोर झाली. २३७ मुली परीक्षेला बसल्या आणि बघायला खूप गर्दी झाली. आज आपल्या शाळेत पालक आलेत तसेच ते झाले असेल असे मला वाटते.

त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी होती. तिने आपल्या लोकांना किती दुःख सोसावे लागते यावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ज्ञानोदय या पत्रात छापून आला. तेव्हा ती फक्त चौदा वर्षांची होती. गुरुजी म्हणाले की शिकून काय होते असे कोणी विचारले तर मुक्ताचे नाव सांगावे. ज्यांचे दुःख कोणी लिहीत नव्हते, त्यांच्यातल्याच मुलीने ते स्वतः लिहिले. सावित्रीबाई स्वतः पण कविता करायच्या. त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रह १८५४ साली निघाला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. शेतकरी आणि मजूर दिवसभर काम करायचे, त्यांना दिवसा शाळेत कसे येता येईल? म्हणून शाळाच रात्री भरवली. हे वाचले आणि मी पुस्तक तसेच उघडे ठेवून बसले. मला वाटले, ज्याला दिवसा काम आहे त्याचे शिक्षण बुडलेच पाहिजे असे नाही.

मग मी एक केले. आमच्या समोरच्या घरात माझी मैत्रीण राहते. ती आमच्याच वर्गात आहे. मी तिला सांगितले की गुरुवारी वर्गात जे शिकवतील ते रात्री जेवण झाल्यावर मला शिकव. ती हो म्हणाली. आता दर गुरुवारी आमच्या ओट्यावर रात्रीची शाळा भरते. ती गुरुजींसारखा आवाज काढते आणि चुकले की पट्टी आपटते, पण मारत नाही. भाऊ पण मध्ये मध्ये येतो आणि खडू तोंडात घालतो.

पहिल्या दिवशी तिने भागाकार शिकवला. पाच जुड्या कोथिंबीर चाळीस रुपयाला, तर एक जुडी कितीला, असे तिने गणित घातले. मी पाटीवर रेघ मारून पाचाचा पाढा म्हणत बसले. आई चुलीपाशी भाकरी करत होती. तिने तिथूनच आठ रुपये सांगितले, माझी रेघ पण पुरी झाली नव्हती! आम्ही तिला दुसरे घातले, तिसरे घातले. तिने सगळी तोंडी केली, एकही चुकले नाही. मग मी तिला ते पाटीवर लिहायला सांगितले. तेव्हा ती गप्प झाली आणि भाकरी उलटायला लागली. माझी आई कधी शाळेत गेली नाही. तिला लहान भावंडे सांभाळायला घरी ठेवले होते.

मला रात्री झोप आली नाही. आई पण लहानपणी माझ्यासारखीच घरी राहिली होती. तिचे सगळेच दिवस गुरुवार होते.

सावित्रीबाईंची अजून थोडी माहिती राहिली आहे. त्यांनी आणि जोतीरावांनी फसवल्या गेलेल्या विधवा बायकांना आपल्या घरी आसरा दिला. त्यातल्याच एका बाईचा मुलगा, यशवंत, त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य लोकांसाठी खुला केला. दुष्काळात भुकेल्या लोकांसाठी अन्नाची सोय केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. बाईने असे करायची तेव्हा रीत नव्हती.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. लोक गावे सोडून पळू लागले. सावित्रीबाई पळाल्या नाहीत. यशवंताने हडपसरजवळ माळावर दवाखाना घातला आणि त्या आजारी लोकांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याला एका मुलाला प्लेग झाला होता. त्याला कोणी हात लावायला तयार नव्हते. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. माझी आजी त्याच वयाची आहे, तिला पाण्याची कळशी पण उचलत नाही. त्यातच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. हे लिहिताना मला वाईट वाटले. ज्यांनी अंगावर दगड घेतले त्यांनी शेवटी आजारी मूल अंगावर घेतले.

आता त्यांच्या नावाचे पोस्टाचे तिकीट निघाले आहे. ते १९९८ साली निघाले. २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. पण गुरुजी म्हणतात की गावात एकही मुलगी घरी बसली नाही, तर ते खरे त्यांचे स्मारक.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढच्या वर्षी पाचवीला शेजारच्या गावात जावे लागेल. घरी बोलणे चालले आहे की मला पाठवायचे की भावासाठी घरी ठेवायचे. ते मी झोपेचे सोंग घेऊन ऐकले आहे. मला कोणी विचारले नाही. म्हणून मी इथे लिहिते. शाळा बाजाराच्याच गावात आहे. गुरुवारी आई पाटी घेऊन जाईल आणि मी दप्तर घेऊन जाईन. जाताना भावाला मी कडेवर घेईन, बाजारात तो आईजवळ बसेल, आणि शाळा सुटली की मी त्याला घेऊन घरी येईन. उरलेले दिवस आजीने त्याला बघायचे कबूल केले आहे. मी तिला आधीच विचारून ठेवले आहे.

आज आई शाळेत येणार आहे. तिला हे वाचता येणार नाही. पण मी भित्तिपत्रकाजवळ उभी राहून तिला सगळे वाचून दाखवणार आहे, अगदी हे शेवटचे पण. आणि मग रात्री ओट्यावर शाळा भरेल तेव्हा आईची पण पाटी असेल. गणित तिला येतेच. फक्त लिहायचे राहिले आहे.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११