शिकाऊ वैमानिकांचे विमानकर्ते

स्वतंत्र भारताच्या शेकडो वैमानिकांनी ज्या विमानात उड्डाणाची बाराखडी गिरवली, त्या ‘एचटी-२’चे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. २४ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेन येथे गेले आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर पंखापासून का सुटतो, याची उकल प्रांटल यांनी १९०४ मध्येच केली होती.

हा थर सुटणे म्हणजेच वैमानिकांना धास्ती वाटावी असा ‘स्टॉल’. वेग घटत असताना नाक वर ओढत राहिले, की एका मर्यादेनंतर पंखाची उचल ढासळते आणि बहुधा एक पंख आधी खचतो. नवशिक्याचा हात तेव्हा साहजिकच स्टिक विरुद्ध बाजूला नेतो. पण त्यामुळे खचत्या पंखाचे एलरॉन खाली वळते, तेथील कोन आणखी वाढतो आणि तो पंख अधिकच खचतो. वाढलेल्या अवरोधामुळे नाकही त्याच दिशेला ओढले जाते व विमान गिरक्या घेऊ लागते. जमिनीजवळ असे घडले तर सावरण्याइतकी उंचीच उरत नाही. म्हणून आधी स्टिक पुढे करून कोन कमी करायचा, रडरने नाक भरकटू द्यायचे नाही आणि हवेचा प्रवाह पुन्हा पंखाला धरल्यावरच एलरॉनने पंख समतल करायचे, हा धडा पुरेशा उंचीवर, प्रशिक्षकाच्या साक्षीने गिरवावा लागतो. त्यासाठी भरवशाचे विमान हवे.

मायदेशी परतल्यावर घाटगे यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केले आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आरेखनाची धुरा वाहिली. एकामागे एक दोन आसनांचे ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन मुन्शी यांनी प्रथम आकाशात नेले. भारतात आरेखन होऊन उत्पादनापर्यंत पोहोचलेले हे पहिले विमान. हवाई दलात त्याने टायगर मॉथची जागा घेतली. पुढे घानालाही त्याची निर्यात झाली. फ्लाइंग क्लबांचे ‘पुष्पक’ आणि जेट प्रशिक्षणाचे ‘किरण’ ही विमानेही घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली साकारली.

१९६५ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरवलेल्या या संशोधकाचे ६ डिसेंबर १९९१ रोजी निधन झाले. गॉटिंगेनमध्ये कागदावर अभ्यासलेला हवेचा स्वभाव त्यांनी नवशिक्यांच्या हाती, स्टिक आणि रडरच्या रूपाने सोपवला होता.