टॅक्स मर्जीने भरा म्हणणाऱ्या या माजी खासदाराला पुन्हा तिकीटच मिळालं नाही

तारीख १९ मार्च १८७२. राणी व्हिक्टोरियावर होणाऱ्या खर्चाची चौकशी करा, असा प्रस्ताव खासदार चार्ल्स डिल्क यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडला. अनुमोदन द्यायला उठले नॉटिंगहॅमचे ३३ वर्षांचे खासदार ऑबेरॉन हर्बर्ट. आपल्याला राजेशाहीऐवजी प्रजासत्ताक हवं, हे त्यांनी सांगून टाकलं आणि सभागृहात दंगा सुरू झाला. काही खासदार तर चक्क कोंबड्यासारखे आरवायला लागले. मतं पडली बाजूने २, विरोधात २७६.

बरं, हे गडी गरिबाघरचेही नव्हते. वडील कार्नार्व्हनचे अर्ल, शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डचं. तुतनखामेनच्या थडग्याच्या शोधाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन हे त्यांचे पुतणे.

१८७० मध्ये निवडून आले तेव्हा हर्बर्ट यांचा कायद्याने सुधारणा करण्यावर विश्वास होता. मग १८७३ मध्ये विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर भेटले आणि गाडी रूळ बदलून गेली. १८७४ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

पुढे त्यांनी जो विचार मांडला तो म्हणजे व्हॉलंटरिझम, मराठीत स्वेच्छावाद. शेजाऱ्याच्या खिशात हात घालायचा हक्क एकट्या माणसाला नाही, मग बहुमत झालं म्हणून तो कुठून येतो? त्यामुळे टॅक्ससुद्धा ऐच्छिकच हवा.

इतकं म्हणणारा माणूस राजकारणापासून लांब राहील असं वाटतं ना? तर १८७९ मध्ये हर्बर्ट पुन्हा नॉटिंगहॅमची उमेदवारी मागायला गेले!

हा विरोधाभास आहे का? १९८२ मध्ये अमेरिकेत एकत्र आलेल्या व्हॉलंटरिस्ट गटाचं उत्तर हो असंच होतं. निवडणूक लढवणं म्हणजे इतरांवर सत्ता मागणं, म्हणून ते मतदानालाही नकार देत. हर्बर्ट मात्र स्वतःला अराजकवादी मानत नव्हते. लोकांचं हिंसेपासून, चोरीपासून रक्षण करणारं छोटं सरकार त्यांना मान्य होतं, फक्त त्याचा खर्च लोकांनी राजीखुशीने द्यावा. आता असं सरकार आणायचं तर जबरदस्तीचे कायदे रद्द करायला कुणीतरी आत जायलाच हवं. आमच्या मते त्यांची खरी परीक्षा उमेदवारी मागताना झाली. पक्षाच्या स्थानिक मंडळींना त्यांची टोकाची मतं झेपेनात. मतं थोडी मवाळ केली असती तर कदाचित जमलंही असतं. त्यांनी केली नाहीत आणि तिकीट गेलं.

मग त्यांनी लेखणी धरली. १८९० ते १९०१ ‘फ्री लाइफ’ हे पत्र चालवलं. १९०६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये त्यांनी स्पेन्सर स्मृती व्याख्यान दिलं. त्या व्याख्यानमालेसाठी १००० पौंड दिले होते श्यामजी कृष्णवर्मांनी, ज्यांच्या लंडनच्या इंडिया हाउसमध्ये त्याच वर्षी सावरकर राहायला आले. नोव्हेंबरमध्ये हर्बर्ट वारले.