थोरल्या महाराजांची करुणात्रिपदी

आपल्या मंडळींपैकी बहुतेकांना करुणात्रिपदी तोंडपाठ आहे. आरती झाली की आपण ती सुरू करतो, आणि खरं सांगायचं तर अर्धं लक्ष घड्याळाकडे असतं. माझं तरी असायचं. दत्तजयंतीच्या निमित्ताने ती रचणाऱ्या प. पू. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं चरित्र पुन्हा वाचलं, म्हणून हे चार शब्द.

महाराजांचा जन्म १८५४ साली सावंतवाडीजवळच्या माणगावचा. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. घरात दत्तभक्ती होतीच. वेदाध्ययन झालं, लग्न झालं, पत्नीचं नाव अन्नपूर्णाबाई. नरसोबाच्या वाडीला जाणं-येणं वाढलं, तिथे गोविंदस्वामींचा सहवास लाभला. १८८३ मध्ये त्यांनी माणगावात दत्तमूर्तीची स्थापना केली. मंदिर नावारूपाला आलं, लांबून लोक येऊ लागले. सात वर्षं अशी गेली आणि माणगाव सोडण्याची देवाची आज्ञा झाली. महाराज निघाले. आपलं गाव, आपण उभं केलेलं देऊळ, जमलेली माणसं, सगळं मागे टाकून पत्नीला घेऊन निघाले. आपण साधी भाड्याची खोली बदलायची तर महिनाभर कुरकुरतो!

पुढे १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. त्यांचे दिवस करून चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. त्यानंतर अखेरपर्यंत पायी, अनवाणी प्रवास. पोटाचं दुखणं कायमचं सोबतीला, पण स्नान, अनुष्ठान, भिक्षेचे नियम ढळू दिले नाहीत. दंड, कमंडलू, छाटी आणि पोथ्या, एवढाच संसार. त्यातच ग्रंथलेखन चाललेलं: संस्कृतात दत्तपुराण, मराठीत दत्तमाहात्म्य, सप्तशती गुरुचरित्रसार.

आता मुख्य गोष्ट. १९०५ साली महाराज वाडीला होते. सेवेत चूक घडली, देवाचा कोप झाला, असं सांगतात. चूक महाराजांची नव्हती. तरी देवापुढे उभे राहिले ते महाराज, आणि तीन पदं रचली. त्या पदांत कुणा पुजाऱ्याचं नाव नाही, कुणाकडे बोट नाही. सगळीकडे 'आम्ही'. आम्ही अपराधी आहोत, शिक्षा केलीस तर ती योग्यच आहे, पण तू आईबाप आहेस, तूच दंड करू लागलास तर हाक कुणाला मारायची? शिक्षा होऊनही आम्ही पुन्हा चुकतो, हेही ते कबूल करतात. आयुष्यभर आज्ञेबाहेर पाऊल न टाकलेला माणूस पाप्यांच्या ओळीत स्वतः जाऊन बसतो. इतकी वर्षं म्हणत आलो, पण हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

माझंच उदाहरण देतो. बँकेत असताना एका संध्याकाळी खतावणीत नव्वद रुपयांचा फरक निघाला. शेजारच्या टेबलावरच्या तरुण सहकाऱ्यावर सगळ्यांचा संशय गेला. पोरगा घामाघूम होऊन रात्री नऊपर्यंत व्हाऊचर उलटत बसला. चूक माझी होती, ४५० च्या जागी मी ५४० लिहिले होते. साडेसातलाच मला ते दिसलं होतं. मी गप्प राहिलो, आणि शेवटी आकडा आत्ताच सापडला असं भासवलं. दुसऱ्या दिवशी देवळात त्रिपदी नेहमीसारखी खड्या आवाजात म्हटली! त्याची माफी अजून मागितलेली नाही. तो आता दुसऱ्या गावी असतो.

आपल्या मंडळातही वर्गणीवरून, पालखीच्या मानावरून रुसवेफुगवे आहेत. काही घरं एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. प्रत्येकाकडे दुसऱ्याच्या चुकांची यादी तयार आहे, त्यात मीही आलो.

महाराजांनी पुढे पीठापूर आणि कुरवपूर या स्थानांकडे भक्तांचं लक्ष वेधलं. शेवटी नर्मदातीरी गरुडेश्वरला मुक्काम केला आणि १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला देह ठेवला. श्रीरंग अवधूत आणि गुळवणी महाराज यांच्यासारखी शिष्यपरंपरा पुढे चालली. आणि वाडीला केलेली ती तीन पदं आज गावोगावच्या दत्तमंदिरांत चालू आहेत.

यंदा जयंतीला पालखीनंतर त्रिपदी होईल. त्या सहकाऱ्याचा नंबर मी मिळवला आहे. फोन त्याआधी करायचा आहे.