हेमाडपंत: देवळांमुळे नाव राहिलं, पण आरोग्यावरचं लिखाण मात्र विसरलं गेलं

नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलची जुनी देवळं पाहायला गेलात, किंवा लातूर जिल्ह्यात निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरात गेलात, तर एक शब्द हमखास कानावर येतो: हेमाडपंती. चुना न वापरता दगडात दगड बसवून उभं केलेलं जुनं देऊळ दिसलं की मराठवाड्यात त्याला हेमाडपंती म्हणतात. पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो माणूस गवंडी नव्हता आणि शिल्पकारही नव्हता. तो देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता, धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथकार होता आणि आयुर्वेदातल्या एका नामांकित ग्रंथाचा टीकाकारही होता. त्या ग्रंथात सकाळी उठल्यावर तोंड कसं स्वच्छ करावं, इथपासूनचा विषय आला आहे. तोंडाला वास का येतो आणि तो कसा टाळायचा, हा आजही अनेकांना छळणारा प्रश्न त्यातलाच आहे.

कोण होते हेमाडपंत?

त्यांचं मूळ नाव हेमाद्री. वडिलांचं नाव कामदेव, गोत्र वत्स. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. तिथे यादव राजा महादेव याची कारकीर्द इ.स. १२६१ ते १२७१ च्या सुमाराची. या काळात हेमाद्री श्रीकरणाधिप होते. राज्याचं दफ्तर, हिशेब आणि लेखी व्यवहार सांभाळणारा प्रमुख अधिकारी, असा या पदाचा अर्थ.

महादेवानंतर गादीसाठी संघर्ष झाला. महादेवाचा मुलगा आम्मण याला बाजूला सारून पुतण्या रामचंद्र राजा झाला. अशा उलथापालथीत जुन्या राजाचे मंत्री बहुधा टिकत नाहीत, पण हेमाद्री टिकले. ठाण्याला सापडलेल्या शके ११९४ म्हणजे इ.स. १२७२ च्या ताम्रपटात रामचंद्राच्या राजवटीत त्यांचा उल्लेख आहे.

मोडी लिपी हेमाडपंतांनी आणली, बाजरीचं पीक त्यांनी रुजवलं, अशा समजुती महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांना भक्कम पुरावा नाही. देवळांचंही तसंच आहे. होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, अकराव्या शतकातली आहेत. म्हणजे हेमाद्रींच्या कारभाराच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची. बांधकामाची ती पद्धत त्यांच्या आधीपासून चालत आली होती. लोकांनी त्यांना जे दिलं त्यातलं बरंच त्यांचं नव्हतं, आणि जे खरोखर त्यांचं होतं ते फारसं कुणाला ठाऊक राहिलं नाही.

व्रतांचा ग्रंथ आणि शरीराची काळजी

हेमाद्रींचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे चतुर्वर्गचिंतामणी. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष असे त्याचे भाग त्यांनी योजले होते. त्यातल्या व्रतखंडात वर्षभरातली शेकडो व्रतं आणि उपास एकत्र केले आहेत. त्याच्या सुरुवातीला यादव राजांची वंशावळ दिली आहे. यादवांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांना तिचा फार उपयोग झाला.

त्यानंतर त्यांनी वाग्भटाच्या अष्टांगहृदय या वैद्यकग्रंथावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. ती का लिहिली, हे त्यांनी आरंभीच सांगितलं आहे. चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रतं आणि दानं पार पाडायची तर आधी शरीर निरोगी हवं, म्हणून वैद्यकाचा हा ग्रंथ समजायला सोपा करायचा, असा त्यांचा हेतू होता. उपासतापासांची एवढी मोठी यादी करणाऱ्या माणसाला उपास करणाऱ्याच्या तब्येतीचीही काळजी होती, हे यातून दिसतं.

वैद्यक त्यांच्या आसपासही होतं. त्यांच्या आश्रयाला असलेला पंडित बोपदेव मुग्धबोध या व्याकरणग्रंथामुळे प्रसिद्ध आहे, पण त्याने वैद्यकावरही लिहिलं. बोपदेवाचे वडील केशव हे स्वतः वैद्य होते.

दातणाचे नियम

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. हेमाद्रींची सूत्रस्थानावरची टीका आज उपलब्ध आहे, त्यामुळे हा अध्याय त्यांच्या स्पष्टीकरणासह वाचता येतो.

वाग्भटाने दातण दोनदा सांगितलं आहे: सकाळी आणि जेवणानंतर. काडी रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची असावी. चव तुरट, तिखट किंवा कडू असावी. जाडी करंगळीच्या टोकाएवढी, लांबी बारा अंगुळं, काडी सरळ आणि टोक मऊ असावं. घासताना हिरड्यांना इजा होऊ नये. अपचन, उलटी, दमा, खोकला, ताप किंवा तोंड आलेलं असताना काडीने दात घासू नयेत, हेही सांगितलं आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टी आजचे दंतवैद्यही वेगळ्या शब्दांत सांगतात. ब्रश मऊ असावा, दिवसातून दोनदा दात घासावेत, जोर लावून हिरड्या सोलू नयेत. साधन बदललं, नियम तेच राहिले.

याच ग्रंथाच्या उत्तरस्थानात तोंडाच्या रोगांत पूत्यास्यता म्हणजे तोंडाची दुर्गंधी हा विकार आला आहे. दातण वगैरे करायचा कंटाळा करणाऱ्याला तो होतो, असं वाग्भट सांगतो. उत्तरस्थानावरची हेमाद्रींची टीका मात्र आज मिळत नाही. चरकसंहितेत याच्याही पुढचा मुद्दा आहे. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळामुळे दुर्गंधी येते, म्हणून सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळेच्या, धार नसलेल्या वाकड्या पट्टीने जीभ खरवडावी, असं तिथे सांगितलं आहे.

वास नेमका येतो कुठून?

आजचं विज्ञान चरकाने दाखवलेल्या जागेकडेच बोट दाखवतं. दुर्गंधीच्या दहापैकी आठ-नऊ तक्रारींचं मूळ तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावर आणि दातांच्या फटींत अन्नाचे कण व मृत पेशी साचतात. तिथले, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्यातली प्रथिनं फोडतात आणि गंधकयुक्त वायू तयार होतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास. किडलेला दात, हिरड्यांचा आजार, नीट न बसलेली किंवा रात्री न काढलेली कवळी यांमुळे हा त्रास वाढतो.

तोंड कोरडं पडलं तरी वास येतो, कारण लाळ हीच तोंडाची नैसर्गिक धुलाई असते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी बहुतेकांच्या तोंडाला वास असतो. कमी पाणी पिणं, तोंडाने श्वास घेणं आणि काही औषधं यांमुळेही तोंड सुकतं. उपासाच्या दिवशी दोन कारणं एकत्र येतात. चावणं कमी झाल्याने लाळ घटते आणि शरीर चरबी जाळू लागलं की कीटोन नावाचे पदार्थ श्वासातून बाहेर पडतात. धर्मशास्त्राच्या परंपरेत काही तिथींना दातणाची काडी वर्ज्य होती, पण तेव्हाही पाण्याच्या बारा चुळा भरून तोंड शुद्ध करायला सांगितलं होतं. उपास करणाऱ्याने आजही निदान एवढं करावं.

लसूण आणि कांद्याचा वास ब्रश केल्यावरही जात नाही, कारण त्यातली काही द्रव्यं रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर येतात. टॉन्सिलच्या खळग्यांत साचणारे खडे, सायनसचा संसर्ग आणि आम्लपित्त हीसुद्धा कारणं आहेत. श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल, तर तो मधुमेह हाताबाहेर गेल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जावं.

विडा तेव्हाचा आणि आताचा

दिनचर्येच्या त्याच अध्यायात विडाही आहे आणि तो कुणी खाऊ नये हेही आहे. त्या काळच्या विड्यात लवंग, कापूर, जायफळ, कंकोळ अशी सुगंधी द्रव्यं असत. तंबाखू नव्हती, कारण पोर्तुगीज ती भारतात घेऊन आले ते हेमाद्रींनंतर काही शतकांनी. म्हणून आजच्या तंबाखूच्या पानाला किंवा गुटख्याला जुन्या ग्रंथांचा आधार देता येत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही तंबाखूची सवय गावोगावी आहे, आणि अनेक घरांत बाया भाजलेल्या तंबाखूच्या मशेरीने दात घासतात. मशेरीने दात साफ झाल्यासारखे वाटतात, पण हिरड्या खराब होतात, वास वाढतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका डोक्यावर राहतो.

ज्ञान कुणापर्यंत पोचलं?

हेमाद्रींनी सगळं संस्कृतात लिहिलं. त्याच काळात महानुभाव पंथ मराठीत बोलत आणि लिहीत होता. त्या पंथाच्या वाङ्मयात हेमाद्रींचं चित्र कठोर विरोधकाचं आहे, आणि चक्रधरांच्या छळाचा दोष त्यांच्यावर ठेवला आहे. रामचंद्राच्याच राजवटीत, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी मराठीत आली. आयुर्वेदरसायन मात्र पंडित आणि वैद्यांपुरतं राहिलं. शेतकऱ्याच्या घरी बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी होतीच, पण ती कुणा टीकाकारामुळे आली नव्हती. ती चालीरीतीने आली होती.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर हल्ला केला आणि पुढच्या काही वर्षांत यादवांचं राज्य संपलं. हेमाद्रींचे ग्रंथ पोथ्यांमधून उरले. चतुर्वर्गचिंतामणीचे तीर्थ आणि मोक्ष हे भाग हाती लागलेले नाहीत. आयुर्वेदरसायनाचा जो भाग वाचला, तो विसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्ताच्या टीकेसोबत अष्टांगहृदयाच्या आवृत्तीत छापला. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना तो त्यामुळे सहज मिळू लागला.

आज काय करावं?

- सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटं दात घासा. दोन्हींपैकी एकच वेळ जमत असेल, तर रात्रीची चुकवू नका.
- रोज जीभ साफ करा, शक्य तितक्या मागपर्यंत, पण हलक्या हाताने.
- दातांच्या फटी धाग्याने किंवा बारीक ब्रशने साफ करा. तिथे ब्रश पोचत नाही.
- काही खाल्लं की चूळ भरा आणि दिवसभर पुरेसं पाणी प्या.
- कवळी रात्री काढून धुवा आणि पाण्यात ठेवा.
- तंबाखू, गुटखा, मशेरी आणि सिगारेट सोडा.
- बडीशेप, वेलची किंवा माउथवॉश वास थोडा वेळ झाकतात. मूळ कारण त्याने जात नाही.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर दंतवैद्याला दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी दंतवैद्यक महाविद्यालयं आहेत, आणि अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासणीचा खर्च सहसा कमी येतो.

होट्टलच्या किंवा निलंग्याच्या दगडी भिंतींवर हेमाडपंतांचं नाव पुढेही घेतलं जाईल. त्यांनी ज्याच्यावर खरोखर कष्ट घेतले तो दिनचर्येचा अध्याय मात्र रोज सकाळी आपल्याच घरी, मोरीपाशी, पाच मिनिटांत पाळता येतो.