डोहाकाठचा कवी

नॉर्वेत ईस्टरच्या सुटीत रहस्यकथा वाचण्याची रीत आहे. एरवी कामाला जुंपलेली माणसे त्या आठवड्यात बर्फातल्या लाकडी घरांकडे निघतात आणि त्यांच्या पिशवीत हातमोज्यांबरोबर एखादे खुनाचे पुस्तक हमखास असते. ही प्रथा 1923 साली एका जाहिरातीतून सुरू झाली असे मानले जाते. बर्गनची आगगाडी रात्री लुटली गेली, असा मथळा एका वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर झळकला आणि घाबरलेल्या वाचकांना थोड्या वेळाने कळले, की ते एका नव्या कादंबरीचे नाव आहे. या प्रथेला साजेसे पुस्तक कोणते, असे तिथल्या जुन्या वाचकाला विचारले, तर जी दोन-चार नावे पुढे येतील त्यांत 'मृतांचा डोह' हे एक असेल. 1942 साली निघालेल्या या कादंबरीवर लेखक म्हणून नाव होते बर्नहार्ड बोर्गे. या नावाचा माणूस प्रत्यक्षात नव्हता. त्याच्या आड चोवीस वर्षांचा एक कवी होता, आंद्रे ब्यार्के.

ब्यार्के यांचा जन्म 30 जानेवारी 1918 रोजी आजच्या ऑस्लोत झाला. शहराचे नाव तेव्हा क्रिस्तियानिया होते. वडील एयलर्ट ब्यार्के हे लेखक. घरात पुस्तके होती, गप्पा होत्या, आणि रुडॉल्फ स्टायनर यांच्या मानवप्रज्ञा विचाराशी या मुलाचा परिचय तरुणपणीच झाला. दृश्य जगाच्या मागे दुसरे एक जग आहे आणि शिस्तीने विचार केला तर त्याचा माग काढता येतो, ही त्या विचारामागची श्रद्धा ब्यार्के यांनी पुढे आयुष्यभर सोडली नाही. पुढे नॉर्वेतील सर्वांत वादग्रस्त लेखकांपैकी एक ठरलेले येन्स ब्यर्नेबू हे नात्याने त्यांचे भाऊ. त्यांना या विचाराकडे नेले तेही ब्यार्के यांनीच.

पहिला कवितासंग्रह 1940 साली आला. त्याच वर्षी 9 एप्रिलला जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि मे 1945 पर्यंत देश त्यांच्या टाचेखाली राहिला. खिडक्यांना काळे पडदे लागले. 1941 साली घराघरांतले रेडिओ जप्त झाले. संध्याकाळ घालवायला पुस्तकापलीकडे फारसे काही उरले नाही. अशा दिवसांत या तरुण कवीने 1941 साली 'रात्रीचा माणूस' ही रहस्यकादंबरी लिहिली, आणि पुढच्याच वर्षी 'मृतांचा डोह'. कवितेला आपले नाव आणि खुनाच्या गोष्टीला उसने नाव, ही विभागणी त्या काळी युरोपात रूढ होती. गुन्हेकथा हा वेळ घालवण्याचा प्रकार समजला जाई, साहित्याचा नव्हे. तसे पाहिले तर नॉर्वेत या प्रकाराला जुना वारसा होता. मॉरित्स हान्सेन यांनी एका यंत्रकाराच्या खुनाची गोष्ट 1839 सालीच लिहिली होती, आणि स्टाइन रिव्हर्टन या नावाने लिहिणाऱ्या स्व्हेन एल्व्हेस्ताद यांची 'लोखंडी गाडी' 1909 सालची. रिव्हर्टन हेही टोपणनावच. नॉर्वेच्या रहस्यकथेला मुखवट्याची सवय आधीपासून होती.

'मृतांचा डोह' ची मांडणी साधी आहे. दाट जंगलात एक लाकडी घर, त्याच्याजवळ निळ्या डोहाचे स्थिर पाणी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तूरे ग्रोविक नावाच्या माणसाने आपल्या बहिणीचा आणि तिच्या प्रियकराचा खून केला, प्रेते डोहात टाकली आणि स्वतःही त्यातच उडी घेतली. तेव्हापासून त्या घरात जो राहील त्याला डोह ओढून नेतो, अशी लोकांची समजूत. ब्यर्न वेर्नर नावाचा तरुण तिथे राहायला जातो आणि नाहीसा होतो. सगळ्या खुणा सांगतात, की तो पाण्यात गेला. त्याची बहीण लिल्यान आणि ऑस्लोतले काही मित्र शोधासाठी त्या घरात मुक्काम ठोकतात आणि मग लिल्यानलाही डोहाची ओढ लागते. पुढे काय होते ते इथे सांगणे योग्य नाही. पुस्तक न वाचलेल्याचा तो हक्क आहे.

गंमत कथानकापेक्षा पात्रांत आहे. गोष्ट सांगणारा निवेदक बर्नहार्ड बोर्गे हाच आहे, म्हणजे मुखपृष्ठावरचे खोटे नाव आत शिरून बायकोसह त्या घरात राहायला आले आहे. बोर्गे रहस्यकथा लिहून पोट भरतो, जरा घाबरट आहे आणि स्वतःच्या धंद्याची फारशी कदर करत नाही. शोध लावण्याचे काम काई बुगे या मनोविश्लेषकाकडे आहे. त्याला ठसे आणि सिगारेटची थोटके यांत रस नाही; तो स्वप्ने विचारतो, बालपण विचारतो. त्याच्या समोर उभा आहे गाब्रिएल मोर्क. हा टीकाकार, तोंडाचा तिखट, आणि जगात बुद्धीला न आकळणारे पुष्कळ आहे असे ठामपणे मानणारा. मोर्क या शब्दाचा नॉर्वेजियन अर्थच अंधार. डोहाकाठी बसून ही दोन माणसे वाद घालतात: भूत की मन?

हा वाद 1942 च्या वाचकाला नवा नव्हता. नाझींपासून पळालेला विल्हेल्म राइश हा फ्रॉइडचा बंडखोर शिष्य 1934 ते 1939 या काळात ऑस्लोत राहिला होता आणि त्याच्या प्रयोगांवरून तिथल्या वृत्तपत्रांत मोठे रण माजले होते. विद्यापीठात मानसशास्त्राच्या अध्यासनावर हाराल्ड शेल्डेरुप हे फ्रॉइडच्या वाटेने जाणारे प्राध्यापक होते. शहरातल्या लेखकांत मनोविश्लेषण करून घेणे ही जवळजवळ फॅशन झाली होती. ब्यार्के यांनी ती चर्चा उचलून जंगलात नेली आणि तिला एक प्रेत दिले. स्टायनरला मानणाऱ्या लेखकाने नायकपद मात्र फ्रॉइडच्या अनुयायाला द्यावे, हे या पुस्तकाचे खरे कोडे. स्वतःच्या श्रद्धेच्या विरुद्ध बाजूला चांगले वकील देणारा लेखक विरळा. म्हणूनच हे पुस्तक टिकले, असे म्हणायला हरकत नाही. निव्वळ भुताची गोष्ट असती तर ती युद्धाबरोबर विसरली गेली असती आणि निव्वळ मनोविश्लेषणाची असती तर फ्रॉइडच्या प्रभावाबरोबर ओसरली असती.

बोर्गे या नावाने पुढे 1947 साली 'मृत माणसे किनाऱ्याला लागतात' आणि 1950 साली आणखी एक कादंबरी आली. मग बोर्गे जवळजवळ गप्प झाला, कारण ब्यार्के यांना दुसरी लढाई सापडली होती.

ही लढाई भाषेची होती. नॉर्वे 1814 पर्यंत डेन्मार्कच्या अमलाखाली होता. त्यामुळे शहरी शिक्षितांची लेखी भाषा डॅनिशवरून उतरलेली, तर एकोणिसाव्या शतकात इव्हार ऑसेन यांनी खेडोपाडीच्या बोलींतून घडवलेली दुसरी लेखी भाषा 1885 पासून बरोबरीच्या दर्जाची. ही दोन रूपे हळूहळू एकत्र आणून एकच नॉर्वेजियन भाषा करावी, असे सरकारी धोरण होते आणि 1938 च्या शुद्धलेखन सुधारणेने त्याला मोठी गती दिली. शहरातल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या घरात कोणी न वापरणारी रूपे आली. बर्फ आणि आता यांसारख्या रोजच्या शब्दांचेही जुने रूप शाळेत चूक ठरू लागले. संतापलेल्या पालकांनी मुलांची पुस्तके घेऊन त्यांतले शब्द स्वतःच्या हाताने बदलायला सुरुवात केली. लाखो सह्यांची निवेदने सरकारकडे गेली. नभोवाणीवर हवामान सांगणाऱ्या एका अधिकाऱ्याने सक्तीची रूपे वापरायला नकार दिला म्हणून त्याला ध्वनिक्षेपकापासून दूर करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

या पालकांच्या बाजूने जे लेखक उभे राहिले त्यांचे ज्येष्ठ होते जर्मन छळछावणीतून परतलेले कवी आर्नुल्फ अव्हर्लान, आणि सर्वांत चपळ होते ब्यार्के. 1950 पासून 1966 पर्यंत त्यांनी 'शब्द' या अर्थाच्या नावाचे नियतकालिक संपादित केले आणि त्यातून सरकारी भाषातज्ज्ञांची यथेच्छ खिल्ली उडवली. लेखकांची जुनी संघटना सरकारच्या भाषासमितीला साथ देते म्हणून 1952 साली काही लेखक तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. ब्यार्के त्यांत होते. ही फूट 1966 पर्यंत टिकली. तीस-पस्तीस लाखांच्या देशात लेखकांच्या दोन संघटना म्हणजे एका गल्लीत दोन गणपती. मैत्र्या तुटल्या, पुस्तकांची परीक्षणे कोणत्या गटाचा लेखक आहे ते पाहून लिहिली जाऊ लागली.

ब्यार्के यांची भूमिका दुराग्रही होती का? विरोधकांना ती वरच्या वर्गाच्या भाषेची तरफदारी वाटे, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्या भाषेचा ते कैवार घेत होते ती ऑस्लोच्या पश्चिम भागातल्या सुखवस्तू घरांची भाषा होती. शेतकऱ्याच्या मुलाला तीच भाषा शतकभर परकी वाटत आली होती, हे ते पुरेसे ध्यानात घेत नसत. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगावी लागते. सरकारने समितीत बसून भाषा घडवू नये, लोक बोलतात-लिहितात तिच्यामागून व्याकरणाने चालावे, हा त्यांचा आग्रह कोणत्याही वर्गाच्या भाषेला लागू पडणारा होता.

याच सुमारास दुसरी चकमक झडली. 1954 च्या आगेमागे अव्हर्लान यांनी यमकछंद सोडून लिहिणाऱ्या नव्या कवींवर हल्ला चढवला आणि त्यांची कविता म्हणजे कोणाला न कळणारी बडबड आहे असा आरोप केला. ब्यार्के जुन्या बाजूने लढले. समोर पॉल ब्रेक्के यांच्यासारखे तरुण कवी होते. या वादाचा निकाल काळाने ब्यार्के यांच्या विरोधात दिला. मुक्तछंद जिंकला आणि ब्यार्के हे उत्तम कारागीर पण कालबाह्य, असा शिक्का समीक्षकांनी मारला. वाचकांनी तो मानला नाही. त्यांच्या प्रेमकविता लोकांना पाठ होत्या, त्यांना चाली लागल्या, आणि मुलांसाठी त्यांनी लिहिलेली गमतीची पद्ये घरोघरी म्हटली गेली. मोठ्यांना डोहाकाठी घाबरवणारा आणि लहानांना यमकांनी हसवणारा माणूस एकच आहे, याचे अनेकांना नवल वाटे. खरे तर दोन्हीकडे युक्ती एकच होती. यमक आणि रहस्य या दोहोंत वाचकाला पुढचा ठोका कधी पडेल याची वाट पाहायला लावायचे असते.

हीच कारागिरी अनुवादात कामी आली. शेक्सपिअर, मोलिएर आणि गोएथेचा 'फाउस्ट' त्यांनी छंद आणि यमके सांभाळून नॉर्वेजियनमध्ये आणले. 1959 साली ऑस्लोत 'माय फेअर लेडी' रंगभूमीवर आली ती त्यांच्या अनुवादात. उच्चारावरून माणसाची जात ठरवणाऱ्या समाजाचे हे नाटक, आणि अनुवादक भाषायुद्धातला सेनापती! इंग्रजीतल्या लंडनच्या गल्लीची बोली त्यांनी ऑस्लोच्या गल्लीत आणली. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन' वरून हे संगीतक निघाले त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली 'ती फुलराणी' मराठीत आणली. त्यामुळे बोली उचलून दुसऱ्या शहरात रुजवणे किती अवघड असते, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको.

बोर्गे मात्र मेला नव्हता. 1958 साली दिग्दर्शक कोरे बेर्गस्त्र्यम यांनी 'मृतांचा डोह' पडद्यावर आणला. कृष्णधवल चित्रण, जंगलातला संथ प्रकाश आणि हलकेच चढत जाणारी भीती यांमुळे हा चित्रपट नॉर्वेच्या चित्रपटसृष्टीत मानाचे स्थान मिळवून बसला. लिल्यानची भूमिका केली हेन्नी मोआन यांनी. या अभिनेत्री तेव्हा ब्यार्के यांच्या पत्नी होत्या. बोर्गेच्या भूमिकेत होते लोकप्रिय विनोदी नट हेंकी कोल्स्ताद. आणि गाब्रिएल मोर्क, तो अंधाराच्या आडनावाचा, बुद्धीपलीकडल्या जगावर विश्वास ठेवणारा टीकाकार? त्या भूमिकेत स्वतः आंद्रे ब्यार्के उभे राहिले. स्वतःचे खोटे नाव दुसऱ्याला देऊन ते आपल्या खऱ्या श्रद्धेच्या बाजूला जाऊन बसले. पंधरा-सोळा वर्षे दडवलेले मत त्यांनी कॅमेऱ्यासमोर, दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगितले.

पुढच्या वर्षांत त्यांनी अतर्क्य घटनांच्या कथा स्वतःच्या नावाने लिहिल्या, निबंध लिहिले, आणि बुद्धिबळावर एक पुस्तक 1975 साली प्रसिद्ध केले. बुद्धिबळ हे त्यांचे जुने वेड. ते ताकदीचे हौशी खेळाडू होते. 10 जानेवारी 1985 रोजी वयाच्या 66 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गुन्हेकथेची पत तोवर बदलली होती. 1972 साली स्थापन झालेल्या रिव्हर्टन क्लबतर्फे नॉर्वेतील उत्तम रहस्यकथेला दरवर्षी सोनेरी पिस्तूल देण्याची प्रथा सुरू झाली आणि लेखकांना टोपणनावाची गरज उरली नाही.

भाषेचा झगडा त्यांच्या मृत्यूनंतरही काही वर्षे रेंगाळला. 1981 सालच्या सुधारणेने शहरी भाषेची बरीचशी जुनी रूपे पुन्हा शुद्ध ठरवली होती, हे त्यांना पाहायला मिळाले. दोन भाषांची एक भाषा करण्याचे धोरण सरकारने अधिकृतपणे सोडले ते 2002 साली. त्याच वर्षी त्यांच्या मुलीने लिहिलेले वडिलांचे चरित्र प्रसिद्ध झाले. 2019 साली 'मृतांचा डोह' वर दुसरा चित्रपट निघाला, दिग्दर्शिका नीनी बुल रोबसाम. जंगल तेच, डोह तोच. मनोविश्लेषकाची जागा मात्र या वेळी रंगीत भयपटाच्या धक्क्यांनी घेतली होती.